जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून बघा

दुकानात जुना लॅपटॉप आला की मी आधी विचारते, यावर टॅली किंवा श्रीलिपी चालवायचंय का? हो म्हणालात तर विंडोजच ठेवा, क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची गूगलची सिस्टीम, तुमच्या कामाची नाही. त्यात विंडोजची सॉफ्टवेअर चालत नाहीत आणि प्ले स्टोअरही नाही. पण मेल, यूट्यूब, मुलांचे क्लास, गूगल डॉक्स एवढंच काम असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून चांगलं मशीन किलोच्या भावात कशाला द्यायचं?

गूगल ही सिस्टीम फुकट देतं. लागतो ६४-बिटचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा. आत जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी छोटी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकून घ्या. निम्मा फरक तिथेच पडतो, हे गिऱ्हाइकाला पटवायला मात्र घसा कोरडा पडतो. २०१० च्या आधीच्या मशीनवर पैसे घालू नका.

चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' हे एक्स्टेन्शन टाका, यादीतून 'गूगल क्रोमओएस फ्लेक्स' निवडा आणि ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा भाचीच्या लग्नाचे फोटो असलेला नको.

आता तो जुन्या लॅपटॉपला लावा आणि चालू करताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीची, की दाबत राहा. डेल, लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९.

समोर दोन पर्याय येतील. लगेच इन्स्टॉल करू नका, आधी 'ट्राय इट फर्स्ट' घ्या. सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला धक्का लागत नाही. थोडं संथ वाटेल, ते पेनड्राइव्हमुळे. वायफाय लागतंय का, स्पीकरमधून आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, ते बघा. मग झाकण मिटा, चहा पिऊन या आणि उघडा. स्क्रीन काळीच राहिली, तर रोज तेच होणार. फिंगरप्रिंट आणि सीडी ड्राइव्ह चालेल असं धरूच नका.

सगळं जमलं तर साइन आउट करून लॉगिनच्या स्क्रीनवरून इन्स्टॉल करा. डिस्क पूर्ण कोरी होते, विंडोज शेजारी ठेवता येत नाही. बॅकअप घेताना लोक डेस्कटॉप आठवणीने घेतात आणि डाउनलोड्स विसरतात. पॅनकार्ड, सातबारा, निकालाची पीडीएफ, सगळं तिथेच पडलेलं असतं.

नंतर पेनड्राइव्ह विंडोजमध्ये नीट दिसला नाही तर बिघडला म्हणून टाकू नका. त्याच युटिलिटीत तो पुसायची सोय आहे, पुसून पुन्हा फॉरमॅट करा.