मॅन्युअलला शब्दसूची हवी की नको? ठरवताना या चुका टाळा

जळगावात ठिबकचं साहित्य, पाइप, डाळमिलची यंत्रं तयार होतात. त्यांच्यासोबत मराठी मॅन्युअल द्यायचं असतं. फाइल छपाईला जायच्या वेळी कोणीतरी विचारतं, "मागे शब्दसूची टाकायची का?" म्हणजे कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, हे सांगणारी अकारविल्हे यादी. उत्तर ठरलेलं: "अनुक्रमणिका आहे ना!" सगळ्यात मोठी चूक हीच.

अनुक्रमणिका लिहिणाऱ्याच्या क्रमाने जाते: जोडणी, वापर, देखभाल. शेतकरी मॅन्युअल उघडतो ते अडचण आली म्हणून. रावेरकडच्या केळीच्या बागेत रात्री थ्री-फेज आली, मोटार चालू झाली, पण शेवटच्या झाडांना पाणी पोहोचत नाही. त्याच्या मते 'नळी चोक झाली'. मॅन्युअलात ती माहिती 'लॅटरल फ्लशिंग' (ठिबकच्या नळ्या धुणे) या मथळ्याखाली. सूचीत 'चोक होणे', 'नळी', 'पाणी कमी येणे' या तिन्ही नोंदींपुढे तेच पान असेल, तर तो लगेच नळीच्या टोकाची एंड कॅप काढून नळी धुऊन घेईल. सूचीत नुसते कंपनीचे शब्द भरले, तर ती असून नसल्यासारखी.

पानांच्या संख्येवरूनही ठरवू नका. आठ पानी पत्रकाला अडचण-कारण-उपाय असा तक्ता पुरतो. एकदाच, ओळीने वाचून बाजूला ठेवायच्या जोडणी-पुस्तिकेलाही सूची नको. पण जे पुस्तक वर्षभर मधूनच उघडलं जाणार, त्याला हवीच, मग ते 60 पानांचं का असेना. शंका असेल तर सर्व्हिसवाल्यांना नेहमी येणारे दहा प्रश्न लिहून घ्या आणि मॅन्युअल न पाहिलेल्या माणसाला फक्त अनुक्रमणिकेवरून उत्तरं शोधायला सांगा. तो पानं चाळत बसला, तर निर्णय झाला.

"पीडीएफमध्ये सर्च करता येतं की!" हेही तपासल्याशिवाय म्हणू नका. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर दिसायला देवनागरी असली तरी आत इंग्रजी कळांची चिन्हं असतात. मोबाइलवर 'फिल्टर' टाइप केलं तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर वापरतो त्या देवनागरीत, मजकूर असेल तर सापडतं, पण 'पाणी' शोधलं की जवळजवळ प्रत्येक पान समोर येतं.

सूची हाताने टाइप करू नका. वर्डमध्ये शब्दांना इंडेक्सची खूण केली की पानं सरकल्यावर आकडे अपडेट करता येतात. अकारविल्हे मात्र स्वतः तपासा. बरीच सॉफ्टवेअर 'क्षार' हा शब्द 'क'च्या शेवटी टाकतात, आणि आपला वाचक तो 'ह', 'ळ' यांच्या पुढे शोधतो. अशी नोंद दोन्हीकडे द्या. ठिबकच्या नळ्यांत साचलेले क्षार काढायला ॲसिड वापरतात. म्हणून 'ॲसिड पाण्यात ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका' ही सूचना ज्या पानावर आहे, ते पान 'ॲसिड', 'आम्ल', 'क्षार' आणि 'सुरक्षितता' या चारही नोंदींपुढे असलंच पाहिजे.