गावच्या घरातल्या फ्रीजवर पुण्यातून लक्ष कसं ठेवायचं

आईबाबा देवगडला असतात, मी पुण्यात. गेल्या पावसाळ्यात दोघं चार दिवस माझ्याकडे आले होते, परत गेल्यावर आईने फ्रीझर उघडला तर मे महिन्यात भरून ठेवलेले हापूसच्या रसाचे डबे घट्टच होते, पण तळाला पिवळा रस सांडून पुन्हा गोठलेला. म्हणजे मधे केव्हातरी लाइट बराच वेळ गेली, सगळं वितळलं आणि लाइट आल्यावर परत जमलं. रस टाकला त्याचं वाईट वाटलंच, पण खरी धास्ती बाबांच्या इन्सुलिनची, फ्रीजच्या दारात ठेवलेल्या कुप्या किती तास गरम राहिल्या ते कळायला मार्गच नव्हता, शेवटी त्याही टाकल्या.

मग जे बसवलं ते सांगतो. आधी आकडे लक्षात ठेवा. फ्रीज ४ अंशांच्या आसपास, फ्रीझर उणे १८. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं, आणि ते एकदा गोठलं की वितळल्यावर कितीही नीट दिसलं तरी वापरायचं नाही. त्यामुळे फ्रीज जास्त थंड झाला तरी आपल्याला कळायला हवं, फक्त गरम झाल्यावर नाही. कुप्या दारात नको आणि मागच्या भिंतीला चिकटूनही नको, मधल्या कप्प्यात ठेवा.

बाजारात तापमान दाखवणारे ब्लूटूथवाले छोटे डिस्प्लेचे सेन्सर मिळतात, खोलीसाठी छान आहेत पण फ्रीझरसाठी मी घेणार नाही. फ्रीजचं पत्र्याचं अंग सिग्नल अडवतं आणि बटन सेल थंडीत लवकर मान टाकतो. त्यापेक्षा डीएस१८बी२० हा वायरवाला वॉटरप्रूफ प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला तापमानाचा सेन्सर घ्या, उणे ५५ पर्यंत मोजतो. दोन प्रोब, एक ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला, कोड घालून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, झालं. दोन्ही प्रोब एकाच पिनवर चालतात कारण प्रत्येकाला स्वतःचा वेगळा नंबर असतो. रेझिस्टर डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मधे लावायचा, तो विसरलात तर रीडिंगच येत नाही. कधी ८५ किंवा उणे १२७ असा आकडा दिसला तर घाबरू नका, ते तापमान नाही, बहुतेक जोडणी कुठेतरी सैल आहे, आणि कोडमधे हे दोन आकडे गाळूनच टाका.

बोर्ड बाहेर ठेवायचा, आत फक्त प्रोब. वायर दाराच्या रबरातून बिजागरीच्या बाजूने काढा, तिथे फट कमी पडते. मग कागदाची पट्टी रबरात धरून दार लावा आणि ओढून बघा, सहज निघाली तर वायरची जागा बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रोब नुसता हवेत लटकवायचा नाही. दार उघडलं की हवा मिनिटभरात गरम होते, बाटलीतलं पाणी होत नाही, आणि आपल्याला काळजी कुपीतल्या औषधाची आहे, हवेची नाही. फ्रीजमधे छोट्या बाटलीत पाणी भरून झाकणाला भोक पाडून प्रोब त्यात सोडा. फ्रीझरमधे दोन डब्यांच्या मधे दाबून बसवा. लावायच्या आधी बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून दोन्ही प्रोब त्यात बुडवा, शून्याच्या जवळ यायला हवेत, अर्धा अंश इकडेतिकडे चालतं.

अलार्मची गोष्ट मी आधी उलटी केली होती. तापमान वाढलं की बोर्डाने मेसेज पाठवायचा असं ठेवलं होतं, पण लाइट गेली की राउटर बंद, बोर्ड बंद, मग मेसेज पाठवणार कोण? म्हणून आता सगळं ठीक असेल तरच बोर्ड दर ५ मिनिटांनी हेल्थचेक्स डॉट आयओला (ठरल्या वेळी निरोप आला नाही तर कळवणारी वेबसाइट) एक पिंग, म्हणजे 'मी चालू आहे' एवढा निरोप पाठवतो, फ्रीज २ ते ८ मधे आणि फ्रीझर उणे १० च्या खाली असेल तरच. ४० मिनिटं पिंग गेला नाही की मला टेलिग्रामवर मेसेज येतो. एवढा वेळ मुद्दाम ठेवलाय, फ्रॉस्ट फ्री फ्रीज अधूनमधून स्वतःच बर्फ वितळवतो तेव्हा तापमान थोडं चढतंच. शिवाय सगळी रीडिंग थिंगस्पीकवर, म्हणजे आकडे साठवून ग्राफ दाखवणाऱ्या वेबसाइटवर जातात. मेसेज आला की आधी तिथला ग्राफ बघायचा, रेघ चालू असेल तर फ्रीजचीच भानगड, रेघच तुटली असेल तर लाइट किंवा नेट गेलंय.

राउटरला मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी) लावा आणि बोर्डही त्यावरच घ्या, म्हणजे लाइट नसतानाही आकडे येत राहतात. मात्र मग रेघ चालू असली तरी लाइट गेलेली असू शकते, म्हणून आईला फोन करून ते विचारायचं आणि एवढंच सांगायचं, दार उघडू नकोस. दार बंद असेल तर फ्रीज साधारण ४ तास तग धरतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४.

सगळं बसवलं की एकदा स्वतः बोर्ड यूपीएसवरून काढून ४० मिनिटांनी मेसेज येतो का ते बघाच. आणि तरीही फ्रीझरमधे एका वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून द्या, नेट पार गेलं असलं तरी नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की आत सगळं वितळून पुन्हा गोठलंय हे आईला उघडल्याउघडल्या कळतं.