पोकेमॉन फायररेड-लीफग्रीन : एलिट फोरमधल्या ब्रुनोला कसं हरवायचं

‘ब्रुनो ना? एक अलाकझॅम घे आणि सायकिक दाबत सुट.’ इंडिगो प्लॅटोवर, म्हणजे एलिट फोर या शेवटच्या चार तगड्या ट्रेनरांच्या अड्ड्यावर, अडकलेल्या कुणालाही हा सल्ला हमखास मिळतो. मलाही मिळाला होता. अलाकझॅम माझ्याकडे नव्हता. कडाब्राचा अलाकझॅम करायचा तर कुणाशी तरी अदलाबदल करावी लागते, आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये दुसरा गेमबॉय नव्हता. म्हणून कडाब्रालाच पुढे केलं. हिटमॉनलीला सायकिक बसला, त्याची हिरवी पट्टी सरसर उतरत लाल झाली आणि केसभर उरून थांबली. पुढच्याच क्षणी मेगा किक आली आणि कडाब्रा आडवा. वर ब्रुनोने हिटमॉनलीला फुल रिस्टोर हे पुरतं बरं करणारं औषध दिलं, ते वेगळंच.

सल्ला खोटा नाही, शिळा आहे. तो 1996 च्या रेड-ग्रीनच्या जमान्यातला. तेव्हा ‘स्पेशल’ हा एकच आकडा होता, मारायलाही तोच आणि सोसायलाही तोच. हिटमॉनलीचा तो होता फक्त 35, त्यामुळे सायकिकची एक फुंकरही त्याला पुरायची. 1999 मध्ये गोल्ड-सिल्व्हर आले, त्या आकड्याचे दोन भाग झाले आणि हिटमॉनलीच्या वाट्याला 110 चा स्पेशल डिफेन्स आला. 2004 च्या फायररेड-लीफग्रीनमध्ये खोली तीच आणि उघड्या अंगाचा पैलवानही तोच, पण गणित नवं आहे. ते गणित धरून ब्रुनोला पाडायचं कसं, ते आता सांगतो.

पायरी 1 : आधी समोरचा ओळखा

ब्रुनोकडे पाच पोकेमॉन आहेत : ऑनिक्स (लेव्हल 51), हिटमॉनचॅन (53), हिटमॉनली (53), आणखी एक ऑनिक्स (54) आणि शेवटी मचॅम्प (56). माणूस कराटेवाला, मग हे दोन दगडी साप कशाला पाळलेत, असा प्रश्न पडतोच. माझं मत विचाराल तर ते भरतीचे आहेत. ऑनिक्स दिसायला डोंगर, पण त्याचा मूळ अटॅक 45, म्हणजे पहिल्या गवतात भेटणाऱ्या पिजीइतकाच. त्याला घाबरू नका.

खरे पैलवान तिघे. हिटमॉनली आणि हिटमॉनचॅन ही नावं ब्रूस ली आणि जॅकी चॅन यांच्यावरून आली. जपानीत मात्र ती किकबॉक्सर सावामुरा आणि बॉक्सर एबिहारा यांच्या नावांवरून आहेत. म्हणजे एक लाथेचा, एक ठोशाचा. चार हातांच्या मचॅम्पला ओळखीची गरज नाही.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या गेममध्ये मूव्ह फिजिकल की स्पेशल, हे तिच्या टाइपवरून ठरतं. सायकिक, वॉटर, ग्रास हे टाइप स्पेशल. फ्लाइंग, फायटिंग, नॉर्मल, रॉक हे फिजिकल. फायटिंग पोकेमॉनला सायकिकही दुप्पट लागतं आणि फ्लाइंगही दुप्पट. पण एक त्याच्या स्पेशल डिफेन्सवर जाऊन आपटतं आणि दुसरं साध्या डिफेन्सवर. ब्रुनोची सगळी लढाई या फरकावर फिरते.

पायरी 2 : टीम बांधा

चार जागा भरायच्या आहेत.

पहिली जागा सर्फ मारणाऱ्याची. ऑनिक्स रॉक आणि ग्राउंड दोन्ही असल्यामुळे पाणी त्याला चौपट लागतं. ब्लास्टॉइज असेल तर उत्तम, लॅप्रस चालेल, सर्फ येणारा दुसरा कुणीही चालेल. सुरुवातीला बल्बासॉर घेतला असेल तर व्हीनसॉरचा ग्रास हल्लाही तेवढाच चौपट.

दुसरी जागा कडाब्राची, किंवा नशीबवान असाल तर अलाकझॅमची. सेरुलियनच्या वर रूट 24 आणि 25 वर आब्रा मिळतो. दिसताच टेलिपोर्ट होऊन पळतो, तेव्हा पहिल्याच वळणाला बॉल फेका. लेव्हल 16 ला कडाब्रा होतो आणि 36 ला सायकिक स्वतःच शिकतो. 23 ला मिळणारी रिफ्लेक्ट मूव्ह पुसू नका, ती फिजिकल मार निम्मा करते.

तिसरी जागा पक्ष्याची, आणि ही जागा बहुतेक जण मोकळी सोडतात. रूट 16, 17, 18 वर डोडुओ मिळतो. त्याचा डोड्रिओ करा आणि ड्रिल पेक ही फ्लाइंग मूव्ह शिकेपर्यंत वाढवा. डोड्रिओचा मूळ अटॅक 110 आहे. तो नसेल तर स्पिअरोचा फिअरो करा, तोही ड्रिल पेक शिकतो. पिजॉटवर माझा जीव आहे, पण या कामाला तो कमी पडतो. त्याचा अटॅक बेताचा, आणि फ्लाय म्हणजे एक वळण हवेत वाया.

चौथी जागा हॉन्टरची. लॅव्हेंडरच्या मनोऱ्यात गॅस्टली भेटतो, त्याचा हॉन्टर करा. फायटिंग आणि नॉर्मल मूव्ह याच्या अंगातून आरपार जातात. लेव्हिटेट ही तरंगण्याची अ‍ॅबिलिटी असल्यामुळे ऑनिक्सची भूकंप मूव्हही त्याला लागत नाही. सॅफ्रनमध्ये मिस्टर सायकिक टीएम 29 (सायकिक शिकवणारं यंत्र) देतो, ती यालाच शिकवा. कडाब्रा ती मूव्ह आपोआप शिकतो आणि या गेममध्ये टीएम एकदाच वापरता येते, तेव्हा कडाब्रावर उधळू नका.

लीफग्रीन खेळणाऱ्यांना एक पळवाट आहे. स्लोपोक आणि स्टारयू तिकडेच मिळतात, फायररेडमध्ये नाहीत. स्लोब्रो किंवा स्टारमी हाताशी असेल तर सर्फ आणि सायकिक एकाच अंगात येतात आणि अर्धी लढाई एकटाच मारून नेतो. फायररेडवाल्यांनी हळहळू नये, वरची चौकडी पुरते.

चॅरिझार्डचं काय, हा प्रश्न येणारच. त्याला बाहेर बसवा. पहिला ऑनिक्स, हिटमॉनचॅन आणि मचॅम्प, तिघांकडे रॉक टूम आहे आणि दगड चॅरिझार्डला चौपट लागतो. एलिट फोरमधल्या शेवटच्या लॅन्सच्या ड्रॅगनांपर्यंत जाऊ दे त्याला, इथे नको.

पायरी 3 : लेव्हल, पिशवी आणि एक सेटिंग

टीम लेव्हल 50 च्या आसपास असू द्या. 45 वर जमतं, पण नशिबाच्या भरवशावर. लेव्हल वाढवायला व्हर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमध्ये मिळालेला व्हीएस सीकर काढा. शंभर पावलं चाललात की तो चार्ज होतो आणि हरवलेले ट्रेनर पुन्हा लढायला उभे राहतात. पैसाही त्यातूनच उभा राहतो, आणि तो लागणारच. इंडिगो प्लॅटोच्या दुकानात फुल रिस्टोर 3000 ला आहे, आडव्या पडलेल्याला उठवणारं रिव्हाइव्ह 1500 ला. मी चार-पाच फुल रिस्टोर आणि सहा रिव्हाइव्ह घेतल्याशिवाय आत जात नाही. ब्रुनो दुसरा आहे. त्याच्याआधी लोरेलाय तुमची टीम गारठवून ठेवते आणि मधे पोकेमॉन सेंटर नाही. लोरेलायवर औषधं संपवलीत की ब्रुनोच्या दारात कफल्लक.

आता सेटिंग. ऑप्शन्समध्ये जाऊन बॅटल स्टाइल ‘शिफ्ट’ आहे का बघा. शिफ्टवर असेल तर ब्रुनोचा एक पोकेमॉन पडला की पुढे कोण येतोय ते गेम आधी सांगतो आणि तुम्हाला बदल करायचा का, असं विचारतो. ‘सेट’वर तो विचारत नाही. फुशारकीसाठी सेटवर खेळणारे खेळोत. आपली योजना प्रत्येक गड्यासमोर वेगळा गडी उभा करण्याची आहे आणि ती शिफ्टवरच सुखाने चालते.

पायरी 4 : प्रत्यक्ष लढत

आत जाताना सर्फवाला पहिल्या नंबरवर. ऑनिक्स उतरेल आणि कदाचित आधी वार करेल, कारण तो दिसतो तितका मंद नाही. भूकंप आला तरी खरचटण्यापलीकडे काही होत नाही. एकच कटकट, त्याच्याकडे रोर आहे. ओरडून तो तुमचा पोकेमॉन बाहेर हाकलतो आणि दुसराच कुणीतरी मैदानात येतो. शांतपणे सर्फवाल्याला परत आणा आणि एक सर्फ मारा, विषय संपला. दुसऱ्या ऑनिक्सलाही तेच औषध.

हिटमॉनचॅनसमोर कडाब्रा. इथे पक्षी आणायचा मोह होईल, तो आवरा. हिटमॉनचॅनकडे काउंटर आहे. फिजिकल मार बसला की तो दुप्पट करून परत देतो. तुमचं ड्रिल पेक जितकं जोरात, तितकी तुमच्याच पक्ष्याची फजिती. शिवाय रॉक टूमही त्याच्याकडे आहेच. सायकिक पडतं स्पेशल, काउंटर त्याला हात लावू शकत नाही. एका सायकिकमध्ये तो बहुधा पडणार नाही, पण त्याचा स्काय अपरकट सायकिक पोकेमॉनला निम्माच लागतो, तेव्हा पूर्ण ताकदीचा कडाब्रा एक ठोसा झेलून दुसरा सायकिक मारतो. एचपी, म्हणजे पट्टीतला जीव, तळाला गेले असतील तर सावध राहा. त्याच्याकडे माक पंच आहे आणि तो कडाब्राच्याही आधी येतो.

हिटमॉनली आला की बरोबर उलटं करा. आता पक्षी. याचा स्पेशल डिफेन्स 110, पण साधा डिफेन्स फक्त 53. लेव्हल 50 च्या कडाब्राचा सायकिक याचे शंभर ते एकशेवीस एचपी खातो आणि याच्याकडे असतात साधारण एकशेतीस. माझा कडाब्रा त्या दहा-वीस एचपींसाठी गेला. त्याच लेव्हलच्या डोड्रिओचं ड्रिल पेक दीडशेच्या घरात जातं, म्हणजे एकाच चोचीत काम तमाम. लेव्हल 50 ला दोघांचा वेग जवळपास सारखा आहे. डोड्रिओ एक-दोन लेव्हल वर ठेवलात तर आधी चोच त्याचीच पडते. मेगा किक आधी बसलीच तरी डोड्रिओ एक लाथ सोसतो. हॉन्टरला मात्र इथे आणू नका. हिटमॉनलीकडे फोरसाइट आहे. ती मूव्ह चालली की भुताच्या अंगातूनही लाथ आरपार जात नाही, सरळ छातीत बसते.

राहिला मचॅम्प. याच्यासमोर तीन चुका होतात.

पहिली चूक, पक्षी चालू ठेवणं. मचॅम्प बल्क अप करतो, म्हणजे अटॅक आणि डिफेन्स दोन्ही चढवतो. दोनदा केलं की तुमची चोच दगडावर घासल्यासारखी. बल्क अपने स्पेशल डिफेन्स मात्र तसूभरही वाढत नाही, म्हणून इथे परत सायकिक.

दुसरी चूक, त्याला पॅरलाइज किंवा पॉइझन करणं. मचॅम्पची अ‍ॅबिलिटी गट्स आहे. असा काही त्रास झाला की याचा अटॅक दीडपट होतो. तुम्ही अपंग करायला जाता आणि तो पिसाळतो.

तिसरी चूक, कडाब्राला तसाच पुढे ढकलणं. त्याचा एक सायकिक मचॅम्पला पुरत नाही आणि क्रॉस चॉप लागला तर कडाब्रा एका फटक्यात जातो. म्हणून इथे हॉन्टर. क्रॉस चॉप हवेत मारल्यासारखा वाया जातो. मचॅम्पकडे दुखवणारं काही उरतं तर ते रॉक टूम, आणि त्याचा नेम पाचात एकदा चुकतो. हॉन्टरला हिप्नोसिस येत असेल तर आधी झोपवा. झोपेत गट्स चढली तरी झोपलेला पैलवान हात उचलत नाही. मग दोन-तीन सायकिक. हॉन्टर नसेल तर कडाब्राने आधी रिफ्लेक्ट लावा, मग मारा. मार निम्म्यावर येतो आणि तेवढं पुरतं.

एक बारकावा. ब्रुनो फुल रिस्टोर काढतो ते त्याच्या पोकेमॉनची पट्टी तळाला गेल्यावर. म्हणून अर्ध्यावर असलेल्याला किरकोळ मूव्हने खरवडत बसू नका. जी एका फटक्यात संपवेल तीच वापरा.

हरलात तर

पुन्हा लोरेलायपासून सुरू. थोडे पैसे जातात, पण मिळालेला अनुभव राहतो, म्हणून दुसऱ्या फेरीला टीम आपसूक थोडी वजनदार असते. माझा ब्रुनो तिसऱ्या फेरीत पडला, आणि त्या फेरीत फरक एकच होता. पिजॉटच्या जागी डोड्रिओ.

चॅम्पियन होऊन सेव्ही बेटांवरचं काम पुरं केलंत की ब्रुनो परत भेटतो, लेव्हल 65 पासून पुढे, आणि दोन्ही ऑनिक्सचे स्टीलिक्स झालेले असतात. स्टीलिक्सवर व्हीनसॉरची जादू चालत नाही. पोलादामुळे ग्रास नेहमीइतकंच लागतं आणि सायकिक तर निम्मं. सर्फ अजूनही दुप्पट लागतं, आणि फायरही. त्या वेळी चॅरिझार्डला बाहेर बसवायचं कारण थोडं कमी होतं, पण मचॅम्प अजून तिथेच आहे.

पहिल्या खेपेला ब्रुनो पडला की लगेच पुढच्या दारात घुसू नका. तिथेच थांबून सगळ्यांना औषध द्या आणि गेम सेव्ह करा. हॉन्टरला पहिल्या नंबरवर ठेवू नका, कारण पुढे आगाथा आहे. तिचे गेंगार भुतं, आणि भुताला भुताचा मार दुप्पट लागतो.