मक्याचा मुरघास : परतीच्या पावसाआधी भरणीची तयारी

जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला मका सप्टेंबरच्या मध्यापासून मुरघासाच्या, म्हणजे कुट्टी करून हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीच्या, जोगा होतो. परतीचा पाऊसही नेमका त्याच वेळी येतो. त्यामुळे कडबाकुट्टी यंत्र, मजूर आणि प्लॅस्टिकचा कागद यांची जुळणी आधी करा, मगच कोयता लावा. कापणी, कुट्टी आणि भरणी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत उरकायला हवी. आठवडाभर रेंगाळत भरलेला खड्डा हमखास बिघडतो.

याचं कारण मुरण्याच्या क्रियेतच आहे. ताज्या कुट्टीत साखर असते आणि पानांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मुळातच असतात. हवा तोडली की ते साखरेचं आम्ल करतात. दह्याला आंबटपणा देणारं आम्ल तेच. सामू (पीएच) 4 च्या आसपास उतरला की कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही आणि वैरण टिकते. पुस्तकात याला किण्वन म्हणतात. डिस्टिलरीत मळी आंबवतात तेही किण्वनच, पण तिथं यीस्ट अल्कोहोल बनवतं. गोबरगॅसच्या टाकीत वेगळे जिवाणू मिथेन बनवतात. रान कोणाला मोकळं मिळतं, यावर सगळं अवलंबून. खड्ड्यात हवा राहिली तर यीस्ट आणि बुरशी माजते, पाणी जास्त झालं तर ब्युटिरिक आम्लवाले जिवाणू. मग कागद उघडताच घाण वास येतो आणि जनावरं गव्हाणीला तोंड लावत नाहीत.

म्हणून कापणीची वेळ दिवस मोजून ठरवू नका. साधारण 75 ते 85 दिवस म्हणतात, पण वाण आणि पावसाप्रमाणे ते पुढंमागं होतात. कणीस मधोमध मोडून दाणा बघा. वरून तो पिवळा, टणक होत आलेला आणि बुंध्याकडच्या अर्ध्या भागात अजून पांढरा चीक असेल, तर वेळ झाली. या अवस्थेत झाडात 65 ते 70 टक्के ओलावा असतो. खात्रीसाठी मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून मूठ उघडा. बोटांतून पाणी गळलं तर माल ओला. गोळा लगेच विस्कटला तर सुका. तो दाबला जात नाही, हवा धरून ठेवतो. गोळा सावकाश सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, की भरा. ओला निघाला तर कापलेली ताटं काही तास उन्हात पसरा. ऊनच नसेल तर थोडी कडब्याची कोरडी कुट्टी मिसळा.

कुट्टी 1 ते 2 सेंटिमीटरची हवी. अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर देऊन प्रत्येक थर दाबा. खड्ड्यात ट्रॅक्टर फिरवणार असाल तर चाकांचा चिखल आधी धुऊन काढा, कारण मातीबरोबर नको ते जिवाणू आत जातात. कडा आणि कोपरे ट्रॅक्टरला सापडत नाहीत, ते पायांनी तुडवा. बहुतेकांचा मुरघास बिघडतो तो तिथूनच.

मापाचा अंदाज असा : 5 गायींना रोज 15 किलोप्रमाणे 120 दिवसांसाठी 9 टन लागतो. नीट दाबला तर घनफुटाला 15 किलो बसतो. 20 फूट लांब, साडेसहा फूट रुंद, 5 फूट खोल खड्डा पुरतो आणि थोडी नासधूसही धरली जाते.

कल्चरची (आम्ल करणाऱ्या जिवाणूंची) पुडी वापरायला हरकत नाही, पण ढिली भरणी तिनं सुधारत नाही. मक्यात साखर पुरेशी असते, त्यामुळे गुळाचा खर्च करू नका. लसूणघासाचा मुरघास करायचा असेल तर मात्र गूळ घाला किंवा मका मिसळा.

भरल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे खोल खड्ड्यात किंवा बंद जागेत उतरू नका. पावसाचा ताण पडलेल्या आणि युरिया जास्त दिलेल्या मक्यातून विषारी वायू निघू शकतो. पिवळसर-तांबडा धूर किंवा झोंबणारा वास जाणवला तर लांब व्हा, मुलांनाही लांब ठेवा.

उघडायची घाई नको, 45 दिवस जाऊ द्या. चांगला मुरघास पिवळसर हिरवा आणि आंबूस वासाचा असतो. काळा, चिकट किंवा बुरशी धरलेला भाग सरळ फेकून द्या. बुरशीतलं अफलाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं, म्हणून ‘थोडासा चालतो’ हा हिशेब इथं नको. काढताना एका बाजूनं सरळ कापत रोज थोडं आत जा आणि लगेच झाका. हात लावल्यावर ऊब लागली तर हवा शिरते आहे असं समजा. जनावराला सुरुवात 4-5 किलोनं करा आणि आठवडाभरात वाढवा. मुरघास धार काढून झाल्यावर द्या, नाहीतर दुधाला वास लागतो. खड्ड्याऐवजी प्लॅस्टिकच्या बॅगांत भरला असेल तर उंदरांनी पाडलेली भोकं रोज बघा आणि सापडेल त्या दिवशीच चिकटपट्टीनं बंद करा.