बुशे सोसायटीचा अर्ज भरताना या चुका टाळा

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना एडवर्ड अलेक्झांडर बुशे ग्रॅज्युएट ऑनर सोसायटीची (गुणवंत संशोधक विद्यार्थ्यांना सन्मान म्हणून सदस्यत्व देणाऱ्या संस्थेची) माहिती बहुधा विद्यापीठाकडून आलेल्या ईमेलमधून मिळते, आणि त्यातला ‘विविधता’ हा शब्द वाचताच दोन टोकांचे ग्रह होतात. काहींना हा राखीव जागांचाच प्रकार वाटतो आणि ते ईमेल पुढे वाचत नाहीत; काही जण आपण परदेशी, गोऱ्यांच्या देशात अल्पसंख्य, एवढ्या भांडवलावर निवड होईल असे धरून चालतात. दोन्ही समज अर्जाच्या मुळावर येतात. येल आणि हॉवर्ड (हार्वर्ड नव्हे, हे वॉशिंग्टनमधील, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची मोठी परंपरा असलेले विद्यापीठ) यांनी २००५ मध्ये स्थापन केलेली ही सोसायटी विद्वत्ता, नेतृत्व, चारित्र्य, सेवा आणि इतरांचा कैवार घेण्याची वृत्ती हे पाच गुण पाहते, आणि उच्च शिक्षणात ज्यांना आजवर पुरेसे स्थान मिळाले नाही अशा विद्यार्थ्यांसाठी अर्जदाराने काय केले, यावर तिचा रोख असतो.

पात्रता न तपासता अर्ज करणे

सदस्यत्व आपापल्या विद्यापीठातील सोसायटीच्या शाखेमार्फत मिळते. त्यामुळे आपल्या विद्यापीठात शाखा आहे का, हे ग्रॅज्युएट स्कूलच्या कार्यालयात आधी विचारावे. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रबंधाच्या कामाला औपचारिक मान्यता मिळालेली असणे, ही अट अनेक शाखा घालतात. काही शाखा पोस्टडॉक (पीएचडीनंतर पुढे संशोधन करणाऱ्या) संशोधकांनाही घेतात. नियम शाखेगणिक बदलतात आणि एकाच शाखेचेही दरवर्षी तेच राहतील असे नाही, म्हणून सीनियरने दिलेला मागच्या वर्षीचा अर्ज समोर ठेवून यंदाचा भरू नये. एक शाखा वर्षाला मोजक्याच जणांची निवड करते, हेही ध्यानात असू द्यावे.

निवेदनाचे पाच समान तुकडे करणे

सर्वाधिक अर्ज अडतात ते वैयक्तिक निवेदनात. पाच निकष, म्हणून पाच परिच्छेद, आणि प्रत्येकाच्या आरंभी त्या त्या गुणाचे नाव: असे निवेदन वाचताना निवड समितीला अर्जदार दिसत नाही, फक्त निकषांची यादी परत वाचायला मिळते. त्याऐवजी एकच काम निवडून ते नीट सांगितले, तर त्यातूनच दोन-तीन गुण आपोआप सिद्ध होतात.

त्यातही सेवा आणि कैवार यांची गल्लत फार होते. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात राबणे किंवा शनिवारी शाळकरी मुलांना गणित शिकवणे ही सेवा आहे, आणि ती जरूर लिहावी. कैवार म्हणजे एखादा नियम किंवा प्रथा कोणावर तरी अन्याय करते हे ओळखून ती बदलण्यासाठी पाठपुरावा करणे. ‘मला विविधतेविषयी मनापासून आस्था आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. याउलट, समजा एखादीने असे लिहिले: ‘आमच्या विभागात पात्रता परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मोठ्या प्रयोगशाळांतच हस्तांतरित होत असत आणि घराण्यात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना त्या असतात हेही ठाऊक नसे, मी विभागप्रमुखांकडे लेखी मागणी केली आणि आता त्या सर्वांसाठी खुल्या आहेत.’ या एका वाक्यात अडचण, ती कोणाची होती, अर्जदाराने काय केले आणि पुढे काय बदलले, हे सारे आले. स्वतःच्या हालअपेष्टांचे वर्णनही असेच पुढे झालेल्या बदलापर्यंत न्यावे: त्यातून इतरांसाठी काय उभे राहिले हे सांगता येत नसेल, तर दोन ओळी पुरेत.

शिफारसपत्र केवळ मार्गदर्शकांवर सोडणे

सरांना पुन्हा पुन्हा आठवण करणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते, त्यामुळे मुदत आठवड्यावर आली तरी विद्यार्थी संकोचाने गप्प राहतो. अमेरिकेत निदान महिनाभर आधी विनंती करणे आणि मध्ये एकदा विनम्र स्मरण देणे रीतीला धरूनच आहे. मार्गदर्शकांना संशोधन तपशीलवार माहीत असते, पण आपण प्रयोगशाळेबाहेर काय केले याची त्यांना कल्पना असेलच असे नाही. मग पत्रात प्रकाशने आणि बुद्धिमत्ता यांचेच कौतुक येते आणि उरलेल्या निकषांविषयी ते मौन राहते. विनंतीसोबत पाच निकष आणि आपल्या कामांचे एक पानी टिपण द्यावे. शाखेच्या नियमांत बसत असेल, तर दुसरे पत्र आपले सामाजिक काम प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीकडून घ्यावे.

बुशे यांच्याविषयी ऐकीव माहिती लिहिणे

१८५२ मध्ये न्यू हेवन येथे जन्मलेल्या बुशे यांनी १८७६ मध्ये येलमधून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवली. अमेरिकेत पीएचडी मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी. मात्र येलचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख करू नये, कारण तेथून १८५७ मध्ये पदवी घेतलेल्या रिचर्ड हेन्री ग्रीन यांची नोंद नंतर उजेडात आली आहे. फाय बीटा कापा या मानाच्या संस्थेत निवडले गेलेले पहिले आफ्रिकी-अमेरिकी, हाही दावा जुन्या लेखांतून उचलला जातो; प्रत्यक्षात बुशे यांची निवड १८८४ ची, तर व्हरमाँट विद्यापीठाच्या जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन या आफ्रिकी-अमेरिकी विद्यार्थ्याची १८७७ ची. बुशे यांचा उल्लेख करायचाच असेल, तर अधिक बोलकी गोष्ट वेगळीच आहे. एवढी पदवी असूनही कोणत्याही मोठ्या विद्यापीठाची दारे त्यांना उघडली नाहीत, आणि त्यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत २६ वर्षे विज्ञान शिकवले. अर्थात समितीला हे पाठ असते. आपल्या कामाशी थेट धागा जुळत नसेल तर तो परिच्छेद गाळावा.

परिषदेचा अर्ज वेगळा असतो, हे विसरणे

येल येथे दरवर्षी वसंत ऋतूत बुशे परिषद भरते. तेथे संशोधन मांडायचे असल्यास सारांश स्वतंत्रपणे पाठवावा लागू शकतो, आणि त्याची मुदत शाखेच्या मुदतीहून निराळी असू शकते. हा सारांश आपल्या विषयाबाहेरच्या अभ्यासकांनाही समजेल अशा भाषेत लिहावा, आणि प्रवासखर्च शाखा देते की विभागाकडे मागावा लागतो, हे अर्जाच्या वेळीच विचारून घ्यावे.