नागपुरात पाळणाघर वाढवताना : आधी वापराची परवानगी, मग बांधकाम

पाळणाघरात मुलं मावेनाशी झाली की नागपुरात पहिला सल्ला टिनाच्या शेडचा मिळतो. ‘मागच्या मार्जिनमध्ये (हद्दीलगत मोकळ्या सोडलेल्या जागेत) शेड टाका, त्याला परवानगी लागत नाही.’ लागते. दुसरा सल्ला असतो, ‘खालचं स्टिल्ट पार्किंग बंद करून दोन खोल्या काढा.’ तिसरा सगळ्यांत वाईट : ‘घराचाच नकाशा मंजूर करून घ्या, आत काय चालतं ते कोण बघतंय?’ हे तिन्ही सल्ले देणारे लोक तुमच्याकडे मूल ठेवत नाहीत, आणि उद्या नोटीस आली तर तुमच्यासोबत उभेही राहत नाहीत. मी या कामाच्या बऱ्याच फाइली केल्या आहेत. सरळ मार्गाने परवानगी मिळते. वेळ लागतो, पण मिळते.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ म्हणजे फक्त वीट-सिमेंट नव्हे. जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात ठळक बदल करणं हासुद्धा विकासच, आणि त्याला परवानगी लागते. म्हणजे शेजारचा रिकामा फ्लॅट भाड्याने घेऊन तिथे पाळणे मांडले, एक खिळाही ठोकला नाही, तरी प्रश्न उभा राहतो. एका शेजाऱ्याची तक्रार गेली की अनधिकृत वापर थांबवण्याची कलम ५३ ची नोटीस येऊ शकते, आणि ती वर्षाच्या मध्ये आली तर नोकरी करणाऱ्या आई-बाबांनी मूल कुठे ठेवायचं? मला या विषयाची तळमळ आहे ती याच कारणासाठी. दुकान महिनाभर बंद राहिलं तर मालकाचं नुकसान होतं. पाळणाघर बंद झालं तर कित्येक घरांचा दिवस कोलमडतो.

किती वाढवायचं ते आधी ठरवा

आर्किटेक्टकडे जाण्याआधी मुलांचा आकडा काढा. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणासोबतचे निकष हिशेबाला बरे पडतात : ३० मुलांच्या गटाला किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा, तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस, तीन ते सहाच्या २० मुलांमागे एक. नवी खोली काढताना अंगण संपत असेल तर ती काढू नका. हे माझं ठाम मत आहे. खोल्या वाढल्या आणि मुलांना धावायला जागा उरली नाही, तर त्याला विस्तार म्हणायचं तरी कसं?

तुमची फाइल कोणाच्या टेबलावर जाते?

नागपुरात हा प्रश्न खरा आहे. नागपूर महानगरपालिका, १९३६ च्या कायद्याने आलेली नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), आणि शहराबाहेरच्या गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे एनएमआरडीए, अशी तीन दारं आहेत. मनीषनगर ओलांडून बेस्याकडे गेलात की दार बदलतं. त्यात २०१९ मध्ये नासुप्र बरखास्त करण्याचा निर्णय झाला आणि पुढे तो फिरवला गेला, त्यामुळे त्या काळातल्या काही ले-आउटचे कागद इकडे-तिकडे गेलेले असतात. शेजाऱ्याची परवानगी मनपाची म्हणून तुमचीही तिथलीच, असं धरू नका. तुमच्या खसरा क्रमांकावर आणि ले-आउटवर आज अधिकार कोणाचा, हे लेखी विचारा. तोंडी उत्तरावर नकाशे काढायला बसू नका.

विक्रीपत्र, आखीव पत्रिका, कर पावती, जुना मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मोजणीची क-प्रत हे सगळं हाताशी असेलच. जागा भाड्याची असेल तर अर्जावर मालकाची सही लागेल. मालक तयार नसेल तर इथेच थांबा आणि दुसरी जागा बघा.

खरी अडचण : वापर

बाकी सगळ्या पायऱ्या मेहनतीच्या आहेत. ही पायरी मात्र समजून घ्यावी लागते, आणि बहुतेक फाइली इथेच महिनोन्‌महिने पडून राहतात. माझीही राहिली होती.

लोक झोन दाखला काढतात, त्यावर ‘निवासी’ वाचतात आणि म्हणतात, ‘पाळणाघर निवासी भागातच असतं की, झालं!’ झोन दाखला आणि भाग नकाशा काढायचाच. दोन्ही लोकसेवा हक्क अधिनियमाखाली मुदतीत मिळणाऱ्या सेवा आहेत. पण तो दाखला इतकंच सांगतो की २००० साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यात तुमचा प्लॉट कोणत्या क्षेत्रात आहे आणि त्यावर आरक्षण किंवा प्रस्तावित रस्ता आहे का. तुमच्या प्लॉटला नेमका कोणता वापर लागू होतो, हे आणखी दोन गोष्टींवर ठरतं. एक, प्लॉटचे स्वतःचे कागद. दोन, समोरचा रस्ता.

आधी कागद. नासुप्रने लीजवर दिलेला प्लॉट असेल तर लीज डीड काढून वापराची अट शब्द न् शब्द वाचा. तिथे ‘निवासी’ लिहिलं असेल, तर बांधकामाच्या परवानगीआधी पट्टा देणाऱ्याची संमती हा वेगळा विषय आहे. नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, जमीन असेल तर तोच प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत जातो. गुंठेवारीतून नियमित झालेला प्लॉट असेल तर आर.एल. म्हणजे नियमितीकरणाचं पत्र आणि त्याला जोडलेला नकाशा बघा. प्लॉटचं माप विक्रीपत्रात एक, आर.एल.मध्ये दुसरं, असं सर्रास सापडतं, आणि ते आधी जुळवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन वाचा. १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या इमारतींमध्ये प्रत्येक गाळ्याचा वापर त्यात नमूद असतो, आणि तो राहण्यासाठीचा असेल तर इतर गाळेधारकांना विश्वासात घेतल्याशिवाय पान हलत नाही.

‘आमच्याकडे गुमास्ता आहे’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही, सरळ सांगते. गुमास्ता म्हणजे आस्थापनेची नोंद. ती जागेच्या वापराची परवानगी नाही. उद्यम नोंदणी म्हणजेही ती परवानगी नव्हे, मालमत्ता कराची पावती म्हणजेही नव्हे. कर वसूल झाला म्हणजे वापर मान्य झाला, असा अर्थ कोणतंही कार्यालय काढत नाही. शेजाऱ्यांची नाहरकतही वापराची परवानगी देत नाही. शेजाऱ्यांशी जरूर बोला, संध्याकाळच्या गाड्यांचा त्रास त्यांनाच होणार आहे. पण त्यांची सही फाइलला लावून निर्धास्त होऊ नका.

आता रस्ता. मुंबई आणि काही मोजके भाग वगळून राज्याला लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० पासूनच्या यूडीसीपीआरमध्ये, निवासी क्षेत्राचे आर-१ आणि आर-२ असे भाग समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून पडतात. त्याच रुंदीवर एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण) अवलंबून, कोणते वापर चालतील ते अवलंबून. प्रश्न असा की रुंदी कुठली धरायची? ले-आउटच्या नकाशात एक रुंदी असते. जागेवर कोणाच्या पायऱ्या पुढे आलेल्या असतात, कोणाचा गाडीचा रॅम्प, कोणाची कंपाउंडबाहेरची बाग. माझी फाइल अडली होती ती इथेच : नकाशात रस्ता पुरेसा रुंद, पण प्लॉटच्या अलीकडच्या वळणावर टेप लावली तर कमी भरायचा. ‘नकाशात दिलंय तेच खरं’ असं मी सांगत राहिले, समोरून ‘जागेवर दाखवा’ हेच उत्तर यायचं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, म्हणूनच ते संपत नव्हतं.

त्यातून निघालेली पद्धत आता मी प्रत्येक फाइलला वापरते. मंजूर ले-आउटची प्रमाणित प्रत काढायची. परवानाधारक सर्व्हेअरकडून टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने नुसता प्लॉट नाही, तर प्लॉटपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा अख्खा पट्टा मोजून घ्यायचा. विजेचे खांब, नाल्या, पुढे आलेल्या पायऱ्या त्यावर दाखवायच्या. ले-आउटची रेषा आणि आजची रेषा वेगवेगळ्या रंगांत एकाच कागदावर आणायची. मग तो कागद घेऊन नकाशा दाखल करण्याआधी नगररचना विभागात बसायचं आणि विचारायचं : या प्लॉटवर, या रस्त्यावर, इतक्या मुलांचं पाळणाघर चालेल का, आणि चालत असेल तर कोणत्या मजल्यांवर? तुमच्याच प्लॉटची कड रस्त्यात येत असेल तर तेवढी पट्टी सोडायची तयारी ठेवा. रुंदीकरणात गेलेल्या जागेचा मोबदला एफएसआयच्या रूपात मिळण्याची तरतूद आहे. या सर्व्हेला पैसे पडतात, आणि लोक नेमके तेच वाचवायला जातात. वाचवू नका.

उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या जागेवर अडून राहू नका. प्लॉट लाडका असतो, मला कळतं. पण वापर बसत नसेल तर पुढचा प्रत्येक रुपया वाया जातो. विस्तार दोन गल्ल्या पलीकडच्या रुंद रस्त्यावर करा आणि जुनं केंद्र, त्याचा वापर रीतसर असेल तर, आहे तेवढंच चालू ठेवा.

अर्जात वापराचं वर्णन खरं आणि नेमकं लिहा : मुलांची वयं, संख्या, वेळा, कर्मचारी किती, स्वयंपाक जागेवर होतो की नाही. ‘निवासी’ लिहून परवानगी लवकर मिळते म्हणून मोह होतो. ती परवानगी पाळणाघराला कधीच उपयोगी पडत नाही.

नकाशा

चांगला आर्किटेक्ट हे सगळं करतोच, पण चार गोष्टी तुम्ही स्वतः बघा. तान्ही आणि रांगणारी मुलं तळमजल्यावर हवीत. पळायची वेळ आली तर त्यांना उचलूनच न्यावं लागतं. तळघरात मुलं नकोतच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला तेव्हा शहरात किती घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलं आहे. नाग, पिली किंवा पोरा नदीच्या जवळ प्लॉट असेल तर पूररेषा तपासा. खिडक्यांना चोरांच्या भीतीने पक्क्या जाळ्या बसवलेल्या असतात. निदान एक जाळी आतून उघडणारी आणि दुसरा जिना किंवा दुसरं दार नकाशातच दाखवा. आणि कूलरची जागाही आधीच ठरवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, मग कूलरचे स्टँड मार्जिनमध्ये येतात आणि अग्निशमनाची गाडी फिरायची वाट अडते.

मुलांना सोडायला-न्यायला येणाऱ्या गाड्यांसाठी प्लॉटच्या आत जागा दाखवा. नियमात पार्किंग मोजतात ते वेगळं. संध्याकाळी सहाला तुमच्या गेटसमोर काय होतं ते तुम्हालाच माहीत आहे. अंगणात कडुनिंब असेल तर नकाशा त्याला वळसा घालून काढा. झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वेगळी परवानगी लागते, आणि त्या सावलीची किंमत मुलांना कळते.

दाखल करणे आणि त्रुटी

फाइल ऑनलाइन जाते. अग्निशमन विभागाची नाहरकत लागते का ते आर्किटेक्टकडून पहिल्याच बैठकीत विचारून घ्या, शेवटी नाही.

इथे एक चुकीचा सल्ला हमखास मिळतो : ‘साठ दिवसांत उत्तर नाही आलं की परवानगी मिळाली असं समजायचं.’ नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांची तरतूद आहे, पण ते दिवस तुम्ही शेवटच्या त्रुटीचं उत्तर दिल्यापासून मोजले जातात, आणि नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच तिचा फायदा मिळतो. जिथे वापराचाच वाद आहे तिथे तिच्या भरवशावर पाया खोदणं म्हणजे मुलांना बेकायदा इमारतीत बसवणं. त्रुटी निघाली की त्याच आठवड्यात उत्तर द्या, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक घालून. अर्ज नामंजूर झाला तर कलम ४७ खाली राज्य शासनाकडे चाळीस दिवसांत अपील करता येतं. तारीख वहीत लिहून ठेवा.

विकास शुल्क, छाननी शुल्क, एक टक्का कामगार उपकर यांची डिमांड नोट येते. भरा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं. ते एका वर्षाचं असतं, नूतनीकरण करून जास्तीत जास्त चार वर्षं चालतं. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या आणि मंजूर नकाशापासून हातभरही सरकू नका.

भोगवटा प्रमाणपत्राआधी मुलं आणू नका

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि सगळ्यांना त्या आधी खोल्या तयार हव्या असतात. म्हणून मार्चमध्ये फाइल टाकून चालत नाही. वापराची पायरी आदल्या पावसाळ्यात सुरू करा, नकाशा दिवाळीच्या आसपास दाखल होईल असं बघा. भोगवटा प्रमाणपत्रावर वापर काय लिहिला आहे तो हातात घेतानाच वाचा. चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या. नंतर झोन कार्यालयात मालमत्ता कराची नोंद बदला, महावितरणच्या मीटरचा वर्ग बदलून घ्या, आणि अग्निसुरक्षेची यंत्रणा बसवली असेल तर परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म ब’ भरून घ्या. प्रमाणपत्राची प्रत पालकांना दिसेल अशी दारापाशी लावा.