कॅनडात इंटरनेट, फोन आणि टीव्हीच्या खर्चाची तुलना करताना या चुका टाळा

टोरांटो, ब्रॅम्प्टन किंवा कॅलगरीत नव्याने आलेलं मराठी कुटुंब गाडीचा विमा घ्यायच्या आधी चार ठिकाणी भाव विचारतं. किराणा कुठे स्वस्त मिळतो, हेही थोड्याच दिवसांत पाठ होतं. इंटरनेट आणि फोन मात्र मॉलमधल्या स्टॉलवर, दारात आलेल्या विक्रेत्याकडून किंवा "आमच्याकडे हेच आहे, बरं चालतं" असं कोणी म्हणालं म्हणून घेतले जातात. पुढे हे बिल दर महिन्याला, वर्षानुवर्षं भरावं लागतं. भारतातल्या रिचार्जच्या किमती डोक्यात असतात, त्यामुळे इथला कुठलाही आकडा महागच वाटतो, आणि "सगळेच महाग, मग बघायचं काय" म्हणून माणूस चौकशीच सोडून देतो. नुकसान तिथूनच सुरू होतं. कारण एकाच इमारतीतल्या दोन घरांच्या बिलांत बराच फरक असू शकतो, आणि तो बहुतेक वेळा सेवेच्या दर्जाचा नसतो. कोणी कसा हिशेब केला, त्याचा असतो.

जाहिरातीतला मासिक आकडा धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली किंमत बहुधा ठरावीक महिन्यांपुरती असते. त्यात कर धरलेला नसतो. अनेकदा पैसे खात्यातून आपोआप कापले जातील ही अट गृहीत धरून सवलत आधीच वजा केलेली असते. जोडणीचा खर्च आणि राउटरचं भाडं कुठेतरी खाली बारीक अक्षरांत असतं.

समजायला सोपं जावं म्हणून दोन काल्पनिक प्लॅन घेऊ. पहिला: पहिले १२ महिने ६० डॉलर, नंतर ९५ डॉलर, सुरुवातीचा जोडणी खर्च ६० डॉलर. दुसरा: सरळ ७५ डॉलर, २४ महिने तोच दर, वरचा कुठलाही खर्च नाही. बहुतेक जण पहिला उचलतील. आता दोन वर्षांचा हिशेब करा. पहिल्याचे ७२०, ११४० आणि ६० मिळून १९२० डॉलर होतात. ओंटारिओचा १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) धरला की २१६९ डॉलर ६० सेंट. दुसऱ्याचे १८०० आणि कर धरून २०३४. म्हणजे "स्वस्त" वाटलेला प्लॅन दोन वर्षांत १३५ डॉलरांहून जास्त महाग पडला.

म्हणून तुलना करायची ती २४ महिन्यांच्या एकूण रकमेची, आणि कर धरूनच. कर प्रांतागणिक बदलतो: अल्बर्टात फक्त ५ टक्के जीएसटी, ब्रिटिश कोलंबियात जीएसटी आणि पीएसटी (प्रांताचा विक्रीकर) मिळून १२, क्वेबेकमध्ये जवळजवळ १५. काही प्रांतांत फोनवर ९११ या आपत्कालीन क्रमांकाचं छोटं शुल्कही लागतं. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "सवलत संपल्यावर, कर आणि भाडं धरून, बिलावर नेमका किती आकडा येईल?" त्याचं उत्तर लेखी घ्या. तोंडी कबूल केलेल्या गोष्टी करारात नसल्या, तर पुढे हातात काही राहत नाही. कराराची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. सीआरटीसी ही इथली दूरसंचार नियामक संस्था. तिने मोबाइलसाठी २०१३ मध्ये, टीव्हीसाठी २०१७ मध्ये आणि मोठ्या इंटरनेट कंपन्यांसाठी २०२० मध्ये आचारसंहिता लागू केल्या. लेखी, समजेल अशा भाषेतला करार हा त्यांचा गाभा आहे.

सवलत ज्या दिवशी संपते ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि तिच्या महिनाभर आधीची आठवणही लावा. त्या वेळी फोन करून "मी दुसरीकडे जायचा विचार करतोय, तुम्ही काय दर देऊ शकता?" असं शांतपणे विचारलं, तर बऱ्याचदा नवी सवलत मिळते. घासाघीस करायला आपल्या लोकांना इथे उगीच संकोच वाटतो. सेवा टिकवण्यासाठी ग्राहकाशी बोलणारा वेगळा विभागच या कंपन्यांकडे असतो, तेव्हा संकोचाचं कारण नाही. नवीन सेवा घ्यायची असेल आणि थांबता येत असेल, तर शाळा सुरू होण्याचा काळ, नोव्हेंबरमधला ब्लॅक फ्रायडे आणि २६ डिसेंबरचा बॉक्सिंग डे या दिवसांत दर पाहावेत.

दुसऱ्या प्रांतातल्या नातेवाइकाच्या बिलाशी तुलना

रेजायनातला मावसभाऊ किंवा मॉन्ट्रियलमधली मैत्रीण कमी पैसे भरते, म्हणून टोरांटोतही तेवढ्यातच मिळायला हवं असं नाही. बेल, रॉजर्स आणि टेलस या तीन मोठ्या कंपन्यांपुढे जिथे चौथा तगडा स्पर्धक उभा राहिला, तिथे दर खाली राहिले. क्वेबेकमध्ये तो व्हिडिओट्रॉन आहे, सस्कॅचेवानमध्ये सरकारी मालकीची सास्कटेल. २०२३ मध्ये रॉजर्सने शॉ ही केबल कंपनी विकत घेतली, त्या व्यवहाराचा भाग म्हणून शॉची फ्रीडम मोबाइल व्हिडिओट्रॉनकडे गेली. तेव्हापासून ओंटारिओ, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियातही फ्रीडमचा दर विचारल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही.

घरच्या इंटरनेटसाठी तर प्रांतही पुरत नाही, पत्ता लागतो. एका गल्लीत फायबर असतं, पुढच्या गल्लीत केबल किंवा जुनी तांब्याची तार. सेवेच्या नावात फायबरसारखा शब्द असला तरी शेवटचा टप्पा तांब्याच्या तारेचा असू शकतो, म्हणून "माझ्या घरापर्यंत फायबर येतं का?" असं थेट विचारा. टेकसॅव्हीसारख्या स्वतंत्र कंपन्या मोठ्या कंपन्यांच्याच तारांवरून सेवा देतात. त्यांचे दर नक्की बघा. स्वतंत्र म्हणून सुरू झालेल्या काही कंपन्या मात्र आता मोठ्यांच्याच झाल्या आहेत: ईबॉक्स आणि डिस्ट्रिब्युटेल बेलने घेतल्या, ऑक्सिओ कोजेकोने घेतली. सेवा त्यामुळे वाईट ठरत नाही, पण तीन नावं पाहिली आणि तिन्ही एकाच घरातली निघाली, तर ती तुलना नव्हे.

कॉन्डोत राहत असाल तर सही करण्यापूर्वी व्यवस्थापनाला विचारा. काही इमारतींत इंटरनेट देखभाल शुल्कातच धरलेलं असतं, आणि लोक त्यावर दुसरी जोडणी घेऊन बसतात.

वेग जास्त तेवढं चांगलं, असं मानणं

"गिगाबिट घ्या, फक्त पंधरा डॉलर जास्त," असं विक्रेता म्हणतो. गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, वेगाचं माप). तुमच्या घरात नेमकं काय चालतं ते आधी बघा. नेटफ्लिक्सला फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरतात. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ कॉल साधारण चार एमबीपीएसमध्ये होतो. दोन टीव्हीवर फोर-के आणि दोन खोल्यांत ऑफिसच्या मीटिंग एकाच वेळी चालल्या, तरी बेरीज ५० च्या आत राहते. चार माणसांच्या बहुतेक घरांना १०० ते १५० पुरेसं आहे. मोठ्या फायली रोज वर पाठवायच्या असतील तर अपलोडचा आकडा वेगळा विचारा. केबलवर तो डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो, फायबरवर बहुधा बरोबरीचा.

बेसमेंटमध्ये इंटरनेट रखडतं म्हणून वेग वाढवून घेणं ही नेहमी दिसणारी चूक. आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. तिथे पूर्ण वेग आला, तर दोष वाय-फायचा आहे, आणि महागडा प्लॅन तो सुधारणार नाही. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवा. घर मोठं असेल तर मेश वाय-फायचा (घरभर ठेवायच्या, एकमेकांशी जोडलेल्या राउटरांचा) संच एकदाच विकत घ्या. केबलनेही वेग कमी आला, तर कंपनीला कळवा आणि दुरुस्ती मागा.

उत्पन्न कमी असेल तर केंद्र सरकारची 'कनेक्टिंग फॅमिलीज' योजना पाहा. कॅनडा चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) कमाल मिळणारी कुटुंबं आणि जीआयएस (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांचा पूरक भत्ता) कमाल मिळणारे ज्येष्ठ यांना तीत सहभागी कंपन्यांकडून महिना २० डॉलरमध्ये ५० एमबीपीएसपर्यंत इंटरनेट मिळू शकतं. पात्र घरांना सरकारकडून पत्र येतं. या लाभांसाठी दरवर्षी कर विवरणपत्र भरलेलं असणं गरजेचं आहे, मग मिळकत नसली तरीही.

सगळं एकाच कंपनीकडे बांधून घेणं

बंडलमध्ये सवलत खरी असते, पण ती तपासायची एक सोपी रीत आहे. ज्या गोष्टी तुम्ही एरवी घेतल्या नसत्या त्या काढून टाका आणि उरलेल्या वेगवेगळ्या घेतल्या तर किती पडतील ते मांडा. घरचा फोन आणि टीव्ही "जवळजवळ फुकट" म्हणून जोडले जातात, त्यांची सवलत आधी संपते आणि सेटटॉप बॉक्सचं भाडं चालूच राहतं. बंडलमधली एक सेवा बंद केली की उरलेल्यांचीही सवलत जाते, हेही आधीच विचारून ठेवा.

दुसरं कारण पैशांपलीकडचं आहे. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्सचं जाळं देशभर कोसळलं. मोबाइल आणि घरचं इंटरनेट एकदम बंद पडलं, इंटरॅक या बँक-पेमेंटच्या जाळ्याचे व्यवहार थांबले, अनेकांना ९११ लागेना. ज्या घरात इंटरनेट एका कंपनीचं आणि निदान एक फोन दुसऱ्या जाळ्यावर होता, ती घरं त्या दिवशी जगाशी जोडलेली राहिली. घरात वयस्कर आईवडील असतील तर मी हा विचार सवलतीच्या वर ठेवीन.

फोनचा हप्ता आणि प्लॅन एकच समजणं

"शून्य डॉलरमध्ये नवा फोन" म्हणजे फोनची किंमत महागड्या प्लॅनमधून वसूल होते. काही योजनांत तर दोन वर्षांनी फोन परत द्यावा लागतो, नाहीतर मोठी रक्कम एकदम भरावी लागते. भारतातून आणलेला अनलॉक फोन असेल तर तो वापरून फक्त सिमचा प्लॅन घ्या. त्याचं मॉडेल इथल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं का, ते आधी तपासा. मोठ्या कंपन्यांचेच स्वस्त ब्रँड असतात: रॉजर्सचे फिडो आणि चॅटर, बेलचे व्हर्जिन प्लस आणि लकी मोबाइल, टेलसचे कूडो आणि पब्लिक मोबाइल. क्रेडिट इतिहास नसलेल्या विद्यार्थ्याला प्रीपेड सगळ्यात सोयीचं.

करार घेतलाच तर २४ महिन्यांनंतर तो सोडायला शुल्क लागत नाही, आणि डिसेंबर २०१७ पासून फोन अनलॉक करून द्यायला पैसे घेता येत नाहीत. मुदतीपूर्वी सोडण्याचं शुल्क असलेल्या करारात किमान १५ दिवसांचा चाचणी काळ मिळतो. त्या दिवसांत वापराला मर्यादा असते, पण बेसमेंटमध्ये आणि कामाच्या ठिकाणी सिग्नल येतो का, हे त्यातच पाहून घ्या.

नायगारा धबधबा बघायला गेलात की फोन नदीपलीकडचं अमेरिकन जाळं पकडू शकतो आणि त्या दिवसाचं रोमिंग शुल्क लागतं. डेटा रोमिंग बंद ठेवा. भारतात जातानाही तेच करा, तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या.

टीव्ही

यावर थोडक्यात. २०१६ पासून प्रत्येक परवानाधारक कंपनीला २५ डॉलरच्या आत मूलभूत पॅकेज द्यावं लागतं, आणि बाकीची चॅनेल सुटी किंवा छोट्या गटांत घेता येतात. बॉक्सचं भाडं त्या २५ मध्ये धरलेलं नाही. मराठी किंवा क्रिकेटची चॅनेल हवी असतील तर त्यांचं ॲप थेट घेऊन स्वस्त पडतं का ते आधी पाहा. टोरांटोच्या परिसरात साध्या ॲन्टेनावर सीबीसी, सीटीव्ही, ग्लोबल, सिटी, टीव्हीओ, ओम्नी फुकट दिसतात, उंच जागी बफेलोचीही. वर्षाचे पैसे एकदम घेऊन शेकडो चॅनेल देणारे विनापरवाना बॉक्स मात्र घेऊ नका. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने गोल्डटीव्ही ही अशी सेवा अडवण्याचा आदेश दिला होता. अशी सेवा बंद पडली की भरलेले पैसे परत मागायला समोर कोणीच नसतं.

बदलताना क्रम चुकवणं

जुना नंबर हवा असेल तर जुनी सेवा आधी बंद करू नका, नंबर हातचा जाईल. नव्या कंपनीला पोर्ट करायला सांगा. नंबर तिकडे गेला की जुनं खातं आपोआप बंद होतं. इंटरनेटचं उलट आहे: नवं सुरू होऊन दोन-तीन दिवस नीट चालल्यावर जुनं स्वतः फोन करून बंद करावं लागतं. त्यासाठी ३० दिवस आधी सूचना देण्याची सक्ती जानेवारी २०१५ पासून उठली आहे. इंटरनेटवरून चालणारा घरचा फोन असेल आणि घर बदललं, तर ९११ साठी नोंदवलेला पत्ता त्याच दिवशी बदला.

मोडेम आणि बॉक्स परत करताना अनुक्रमांकाचा फोटो काढा आणि पावती वर्षभर जपून ठेवा. "उपकरण मिळालं नाही" म्हणून शुल्क लागलंच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. तिथे निकाल लागला नाही तर सीसीटीएस या दूरसंचार आणि टीव्ही सेवांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा. ही संस्था ग्राहकाकडून काही घेत नाही, आणि तिच्याकडे तक्रार नोंदवायला करार, बिलं आणि ती पावती एवढंच लागतं.